१७ वर्षं कोठ्यात उभी असलेली येझदी २५०: आधी काय उघडू?

काळीमाती

राजेहो, वावरातल्या कोठ्यात १९७९ ची येझदी २५० उभी आहे. १७ वर्षांत किक मारलेली नाही. सध्याची अवस्था सांगतो.

किक जागची हलत नाही. गिअरमध्ये टाकून मागचं चाक ढकललं तर चाकही अडतं, म्हणजे इंजिनच जाम आहे. टाकीच्या तळाला गंजाचा चिखल आहे आणि झाकण उघडलं की वार्निशसारखा वास येतो. एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय. सीटखाली उंदरांनी कुटार आणून ठासलंय, वायरी जागोजागी कुरतडल्यात. गाडीच्या एका अंगाला युरियाची पोती लागायची, दुसऱ्या अंगाला बैल. पोत्यांच्या बाजूचं क्रोम फुगलंय आणि इंजिनचं कव्हर पांढरं पडून खरबरीत झालंय. रंग मात्र मूळचा, मरून, बऱ्यापैकी टिकलाय.

हाताशी पान्ह्यांचा सेट, पेचकस, फिलर गेज, व्हर्निअर, मल्टीमीटर आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर आहे. पुलर (घट्ट बसलेला पार्ट ओढून काढायचं अवजार) नाही. लेथ आणि वेल्डिंग तालुक्याला.

मला हे विचारायचंय: पिस्टन सुटला आणि ठिणगी आली तर गाडी एकदा चालू करून पाहावी, की आधीच इंजिन पूर्ण उघडावं? टाकी घरी साफ होते का? ६ व्होल्टच ठेवू की १२ करू? आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) वडिलांच्या नावावर आहे, मुदत केव्हाच संपली आणि वडील आता नाहीत. त्याचं काय करावं लागेल?

दोनस्ट्रोक

सगळ्यात आधी, किकवर उभं राहू नका. येझदीचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो. जाम इंजिनावर अंगाचं वजन टाकलं की आतल्या शाफ्टचे दाते जातात, आणि मग जो खर्च नव्हता तो गळ्यात पडतो.

प्लग काढा. निम्मं डिझेल, निम्मं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) असं ५० मिली प्लगच्या भोकातून ओता. दोन्ही सायलेन्सरचे पाइप काढून एक्झॉस्टच्या तोंडातूनही थोडं सोडा. टॉर्च मारली की पिस्टन किती उंचीवर अडकलाय ते तिथूनच दिसतं. याहून जास्त भिनणारं हवं असेल तर पॉवर स्टिअरिंगमध्ये टाकतात ते एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन, निम्मं-निम्मं. हे मिश्रण विडी-काडीपासून लांब ठेवा. चार दिवस भिजू द्या, रोज थोडं वाढवा आणि रोज एकदा चाक मागे-पुढे हलवून बघा, फक्त हाताच्या जोरानं.

गॅसकटरनं सिलिंडर तापवणारे मिस्त्री खूप आहेत. यात सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे तापवल्यावर पिस्टन आणखी आवळतो. सुटला तर तो थंड होताना सुटतो. म्हणून तापवायचंच असेल तर उकळत्या पाण्यानं तापवा, पूर्ण निवू द्या, पुन्हा तेल सोडा, असं दोन-तीनदा. प्लगच्या भोकातून ग्रीस-गननं दाब द्यायची युक्ती फोर-स्ट्रोकची. इथं पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, उघडे असतील तर ग्रीस सरळ क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालची क्रँकची पेटी) आणि सायलेन्सरच्या वाटेला जातं, ते काढत बसावं लागतं.

तरीही नाही सुटला तर हेड काढा. नट एकदम एक पूर्ण काढायचा नाही, सगळे समोरासमोरचे पाव-पाव फेऱ्यानं ढिले करत जा, नाहीतर हेड वाकतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, ६५ मिमीचा आहे, म्हणून ६२-६३ मिमी जाडीचा सागाचा गोल ठोकळा लेथवाल्याकडून करून घ्या आणि पिस्टनच्या माथ्यावर सपाट टेकवून मध्यम हातोडीनं ठोका. पेचकस किंवा सळई टेकवून ठोकलं की माथ्याला भोक ठरलेलं. पिस्टन अगदी खाली अडकला असेल तर ठोकण्यात अर्थ नाही, सिलिंडरच वर ओढावा लागेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, “एकदा चालू करून पाहू का?” नको. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो, पेट्रोल-हवा आधी तिथं दाबली जाते. तो पंप हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची सिलं. १७ वर्षांत रबर दगडासारखं कडक होतं. डायनॅमोकडचं सिल गळलं की बाहेरची कोरडी हवा आत खेचली जाते, मिश्रण हलकं पडतं, पिस्टन तापतो आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाच-दहा किलोमीटरवर जाम होतो. क्लचकडचं गळलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळतं आणि मागं न थांबणारा पांढरा धूर निघतो. ठिणगी मिळाली म्हणून पळवली आणि नव्या रिंगांसकट जाम झाली, असं होण्यामागं बहुतेक वेळा डायनॅमोकडचं सिल असतं.

शिवाय क्रँककेसच्या तळाला ओल साचते. बेरिंगचे छर्रे जिथं टेकून राहिले तिथं गंजाचे खड्डे पडतात. हातानं फिरवून ते कळत नाहीत, वेगात घरघर येते. म्हणून केस उघडायचीच, असं धरून चाला. कव्हरचे स्क्रू बसलेले असतात, साध्या पेचकसानं माथे झिजवू नका. ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. डायनॅमोचा रोटर आणि इंजिनचं छोटं स्प्रॉकेट पुलरनंच काढा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारली तर दाबून बसवलेला क्रँक वाकडा होतो, मग लेथवर सरळ करून घ्यावा लागतो. केस साधारण १०० अंशांपर्यंत समान तापवली की जुनी बेरिंगं जवळजवळ स्वतःच्या वजनानं पडतात. नवी बेरिंगं जुन्यावर कोरलेल्या नंबरचीच घ्या, पण सी-३, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेली. सिलं व्हिटॉनची मिळाली तर उत्तम, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती टिकतात.

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. उभा खेळ अजिबात चालत नाही. आडवा सरकतो, तो असतोच.

बोअरला रिंगांच्या जागी गंजाची कडी दिसली आणि ती नखाला लागली तर बोरिंग. मापं पाव-पाव मिमीनं वाढतात, ६५.२५, ६५.५० अशी. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर करायला सांगा. उलट केलं की पश्चात्ताप. मोकळीक ०.०७ ते ०.०८ मिमी ठेवायला सांगा, आपल्या उन्हात याहून घट्ट नको. बोरिंगनंतर पोर्टच्या कडा हलक्या घासून गोल करून घ्यायला विसरू नका. धारदार कडेत रिंग अडकते आणि तुटते. रिंग नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ०.२ ते ०.४ मिमी हवी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) सर्क्लिपा जुन्या पुन्हा लावायच्या नाहीत, दहा-वीस रुपयांची वस्तू अख्खा बोअर खाते.

पेचकस

वरचं सगळं बरोबर, पण उघडण्याआधीचं एक काम राहिलं. मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक कव्हर, प्रत्येक वायर, केबल कुठून कशी फिरली ते. नट-बोल्ट एका डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या भोकातला स्क्रू त्याच जागी खोवा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की केस आतून फुटते.

आणि पार्ट घेताना दुकानदाराला “जुनी टू-स्ट्रोक येझदी” असंच सांगा. २०२२ पासून याच नावानं जी गाडी आली ती पाण्यानं थंड होणारी फोर-स्ट्रोक आहे, तिचं याला काही लागत नाही. मैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली, त्यामुळं आता मिळतो तो माल एकतर जुना पडून राहिलेला किंवा नव्यानं बनवलेला. नव्यानं बनवलेल्यात क्लचच्या बुचाच्या (कॉर्कच्या) प्लेटी आणि पॅकिंग ठीक असतात. पिस्टन मात्र व्हर्निअर लावून, शक्य तर मायक्रोमीटर लावून घ्या, छापलेलं माप आणि खरं माप जुळेलच असं नाही.

कोठा_ते_रस्ता

टाकी आणि कार्बोरेटर मी सांगतो.

टाकी घरी साफ होते भाऊ, पण टॉयलेट साफ करायचं ॲसिड वापरजा नको. ते गंजासोबत पत्राही खाते, आणि धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा लाल. लिंबू सत्त्व वापरा, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराण्यात सुटं भेटते. १३ लिटरच्या आसपास टाकी असेल तर १ किलो पुरते.

पेट्रोल कॉक काढून ठेवा, भोकं रबरी बुचानं बंद करा. आधी कपड्याच्या पावडरीनं आणि गरम पाण्यानं तेलकटपणा काढा, नाहीतर वार्निशच्या थराखाली ॲसिड पोचत नाही. सुटा गंज पाडायला आत हातभर लांब बारीक साखळी टाकून हलवा. सुटे नट टाकू नका, एखादा आतच राहतो आणि मग आयुष्यभर खुळखुळते. त्यानंतर लिंबू सत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. काठोकाठ, कारण अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरते. १२ तासांनी बघा, जास्तीत जास्त २४ तास ठेवा. त्यापुढं ते चांगलं लोखंड खायला लागते. बाहेर सांडलं तर लगेच धुवा, रंगाला डाग पडतो.

रिकामी केली की लगेच साध्या पाण्यानं, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं. इथून पुढं घाई करायची. पत्रा आता उघडा आहे, ओला ठेवून जेवायला बसाल तर ताट उचलेपर्यंत पिवळा पडते. उन्हात तापलेल्या टिनावर उलटी ठेवा किंवा केस वाळवायच्या मशीननं वाळवा, आणि वाळली की पाव लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली टू-टी ऑइल घालून सगळीकडं फिरवा.

गंजाचे पापुद्रे जाड असतील तर बॅटरी चार्जरची पद्धत बरी. टाकीत धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, लिटरला एक मोठा चमचा. साध्या लोखंडी सळईला भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप घाला, म्हणजे ती टाकीला टेकणार नाही. सळईला प्लस, टाकीला मायनस. उलटं केलं तर टाकीच विरघळते. स्टेनलेस स्टीलची सळई नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघते, म्हणून हे उघड्यावर करा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका, ठिणगीचं निमित्त पुरते.

बारीक भोक निघालं तर तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. १७ वर्षांच्या रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि तिचा स्फोट होते. आधी सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुवा, मग भोकापर्यंत पाणी भरून ठेवून डाग द्यायला सांगा. पितळी डाग पुरतो. आतून लावायचे इपॉक्सीचे लेप मिळतात, पण भोकं नसतील तर त्या भानगडीत पडू नका. इथेनॉलनं एखादा लेप सुटला की पापुद्रे थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात.

कोठा_ते_रस्ता

कार्बोरेटर राहिला. टाकीचं लिंबू सत्त्व इथं चालत नाही, त्याच्या बॉडीत जस्ताचा अंश असतो, त्याला आम्ल खाते. कार्ब क्लीनरचा डबा किंवा नुसतं पेट्रोल आणि टूथब्रश. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होते. मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी घाला आणि मग हवा मारा.

तुमच्याकडं बैल होते म्हणून एक जास्तीची तपासणी. गोमूत्रातून आणि युरियातून अमोनिया सुटते, आणि अमोनिया पितळेला तडे पाडते. जेट, फ्लोट, पेट्रोल कॉक भिंगाखाली बघा. फ्लोट कडक गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे निघाले तर छिद्र आहे. आत पेट्रोल खुळखुळत असेल तर ते आधी काढल्याशिवाय डाग देऊ नका.

स्लाइड (ॲक्सिलरेटरनं वर-खाली होते ती) बॉडीत डगडगत असेल तर ते झिजलंय. मग कितीही स्क्रू फिरवा, गाडी संथ उभी राहणार नाही.

सायलेन्सरमधलं मातीचं घर सळईनं फोडून काढा, आतल्या जाळीच्या नळ्या बाहेर ओढा आणि लाकडाच्या जाळावर काजळी जाळा. नळ्या काढून फेकायचा सल्ला हमखास भेटेल, आवाज मोठा होते म्हणून. तसं केलं तर खालची ओढ जाते. मातीची दुसरी घरं एअर फिल्टरच्या खोक्यात आणि टाकीच्या झाकणाच्या हवेच्या छिद्रात शोधा. ते छिद्र बुजलं तर गाडी चार किलोमीटर चालून बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा चालते, आणि माणूस कॉईल बदलत बसते.

अर्थिंग_ढिलं

वायरिंग कुरतडलेली आहे म्हणता, मग तुकडे जोडू नका, पूर्ण नवी ओढा. ६ व्होल्ट आहे हे लक्षात ठेवून जाड तार घ्या. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर ३ ॲम्पियरच्या आसपास घेतो, ६ व्होल्टवर जवळपास ६. घरातली बारीक तार वापरली की अर्धा व्होल्ट तारेतच संपतो, आणि ६ मधून अर्धा जाणं म्हणजे दिवा मेणबत्ती. हेडलाइटला दीड चौरस मिमी, बॅटरी आणि डायनॅमोच्या मुख्य तारेला अडीच. बॅटरीजवळ १५ ॲम्पियरचा फ्यूज, मूळ गाडीत असो-नसो. बॅटरीचं कुठलं टोक फ्रेमला जातं ते जुन्या तारेवरून बघून लिहून ठेवा, अंदाजानं लावू नका.

“डायनॅमो चार्ज करत नाही” म्हणून लोक तो फेकतात, त्यातले बरेच चांगले असतात. पडून राहिल्यानं पोलमधलं उरलेलं चुंबकत्व जातं आणि तो सुरूच होत नाही. फील्ड कॉईलला बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्या, दिशा बरोबर ठेवून, म्हणजे चुंबकत्व परत येतं. त्याआधी कॉम्युटेटर (कार्बन ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) बारीक काचकागदानं पुसा. काळा एमरी पेपर नको, त्याचे कण खाचांत बसून शॉर्ट करतात. खाचांमधला कचरा हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खरवडा. कार्बन ब्रश आपल्या घरात मोकळे सरकायला हवेत, उंदरांच्या मुतानं ते अडकलेले असतात. नीट चार्ज होत असेल तर इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर ७ ते ७.५ व्होल्ट दिसतात. ८ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बल्ब उडत राहतील.

या गाडीची ठिणगी बॅटरीवर चालते. बॅटरी मेलेली असेल तर किक मारून मारून पाय दुखेल, बाकी काही नाही. ६ व्होल्ट १२ ते १४ ॲम्पियर-अवरची लावा. कॉईल ६ व्होल्टचीच हवी, १२ व्होल्टची बसते पण ठिणगी अशक्त येते. मल्टीमीटरवर ६ व्होल्टच्या कॉईलची प्रायमरी साधारण दीड-दोन ओहम दाखवते, १२ वाली तीन-चार. चावी चालू ठेवून गाडी उभी करू नका. पॉइंट (उघडले की ठिणगी पडते तो स्विच) मिटलेले असतील तर कॉईल तापून जळते.

कंडेन्सर मोजत बसू नका, नवा टाका. जुना थंडीत चालतो आणि इंजिन तापलं की दगा देतो. पॉइंटवर निळी ठिणगी नाचताना दिसली आणि टोकं काळी पडली तर तोच.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते, हेड काढलेलं असतानाच करून घ्या, तेव्हा व्हर्निअरची मागची काडी थेट पिस्टनवर टेकते. पॉइंटची फट आधी, ०.३५ ते ०.४ मिमी. टायमिंग नंतर, कारण फट बदलली की टायमिंग सरकतं. पिस्टन सगळ्यात वर आणून माप घ्या, मग इंजिन उलटं फिरवून ३ ते ३.५ मिमी खाली न्या. बरोबर त्या जागी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. चावी चालू ठेवून पॉइंटला बल्ब जोडला तर तो त्या क्षणी पेटतो. बल्ब नसेल तर पॉइंटमध्ये पातळ कागद धरा, तो सुटेल ती जागा. साडेतीनच्या पुढं नेऊ नका. किक उलटी बसते, आणि घाटात पिस्टनला भोक पडतं. प्लग १४ मिमीचा, आखूड थ्रेडचा, फट ०.६. लांब थ्रेडचा बसेल, पण पिस्टनला टेकेल.

१२ व्होल्टबद्दल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनसकट अल्टरनेटरचे किट मिळतात आणि ते चांगले चालतात. रोज रात्री वावरातून गावात यायचं असेल तर घ्या. पण नुसती १२ ची बॅटरी आणि बल्ब लावून जुन्या डायनॅमोवर चालवायचा जुगाड सांगणारे भेटतील, तो करू नका.

दोनस्ट्रोक

@अर्थिंग_ढिलं, किटला माझा विरोध. ज्या गाडीचा डायनॅमो दुरुस्त होतोय, तिचं मूळ काढून का टाकायचं? ६ व्होल्टचा दिवा अंधुक असतो हे खरं, पण त्यातलं निम्मं अंधुकपण गंजलेल्या अर्थिंगचं असतं. हेडलाइटच्या वाटीपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थची तार टाका आणि मग बोला.

अर्थिंग_ढिलं

अर्थची तार टाकाच, त्याला कोण नाही म्हणतं. पण रानडुक्कर आडवं आलं तर मूळपणा कामी येत नाही भाऊ.

खिडकी_क्रमांक_चार

कागदाचं. गाडी उघडण्याआधी सगळ्यात पहिलं काम: चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा जपून ठेवा. त्या जागी घासकाम नाही, पुट्टी नाही, जाड रंग नाही. तपासणीला नंबर वाचता आला नाही तर बाकीची फाइल कितीही पक्की असो, तिथंच अडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, विमा, पीयूसी, आणि थकलेल्या काळाची लेट फी व पर्यावरण कर. वडिलांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. तीन अक्षरी जुना नंबर असेल तर नोंद वाहन पोर्टलवर चढलेली आहे का ते आधी बघा. नसेल तर ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तिथं रजिस्टर काढून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे सर्वांत वेळखाऊ, म्हणून इंजिन लेथवर असतानाच सुरू करा.

व्हिंटेजच्या वेगळ्या नोंदणीबद्दल विचारणा होते म्हणून. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. पण ती गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच. तुमची १९७९ ची आहे, ५० ला अजून वेळ आहे, आणि वावरात न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच योग्य.

काळीमाती

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनंतरची स्थिती: पिस्टन सहाव्या दिवशी डिझेल-ऑइलनंच सुटला. बोअरला कडी नखाला लागत होती, ६५.५० चा पिस्टन टाकला. केस उघडली, एका बेरिंगच्या छऱ्ऱ्यांवर खरंच खड्डे होते. सिलं-बेरिंगं नवी, सिलिंडर-हेड बसवलं. टाकी लिंबू सत्त्वानं स्वच्छ झाली.

आता सिलं नीट बसली की नाही, हे गाडी चालू न करता कळायची काही सोय आहे का? पुन्हा उघडायची वेळ आली तर आताच आलेली बरी.

दोनस्ट्रोक

आहे. घड्याळाच्या काट्याचं बीपीचं मशीन मिळवा, त्याचा फुगा आणि काटा पुरतो. जुना प्लग फोडून आतली चिनी माती काढा आणि त्या कवचात रबरी नळी घट्ट बसवा. कार्बोरेटरच्या तोंडाला आणि दोन्ही एक्झॉस्टना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, वर लोखंडी पट्टी, आणि क्लॅम्प. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एकच खोली होते. काटा ३०० पर्यंत न्या, तो साधारण ६ पीएसआय होतो. त्याच्या वर जाऊ नका, नवं सिल बाहेर सरकू शकतं. एका मिनिटात २५० च्या खाली उतरला नाही तर काम पास.

काळीमाती

केलं. ३०० वरून मिनिटात २१० वर येतो. तीनदा बघितलं, तेवढंच.

दोनस्ट्रोक

शाम्पूचं पाणी ब्रशनं लावा आणि फेस कुठं येतो ते बघा. आधी तुमचीच ट्यूबची बुचं आणि प्लगची नळी, निम्म्या वेळा गळती तिथंच असते. मग हेडचा जोड, सिलिंडरच्या तळाचं पॅकिंग, केसचा मधला जोड, डायनॅमोच्या मागं सिलची कड. क्लचकडचं सिल बाहेरून दिसत नाही, त्यासाठी गिअरबॉक्सचं ऑइल भरायचं बूच काढून तिथं फेस धरा. बुडबुडा आला तर तेच.

काळीमाती

बुचं कोरडी आहेत. सिलिंडरच्या तळाला, मागच्या बाजूला, ट्रान्सफर पोर्टच्या खाली फेस येतोय. सिलं दोन्ही ठीक.

दोनस्ट्रोक

मग केस उघडायची नाही, फक्त सिलिंडर उचला. जुन्या पॅकिंगचा पापुद्रा केसच्या तोंडावर चिकटून राहिला असेल, तो लाकडी काडीनं आणि थिनरनं काढा, पात्यानं खरवडून ॲल्युमिनियमला चर पाडू नका. त्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सिलिंडरचं बूड काचेवर ठेवून फिलर गेजची ०.०५ ची पट्टी कुठं शिरते का बघा. शिरली तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकड्यात फिरवून सपाट करा. नवं पॅकिंग दोन्ही अंगांनी टू-टी ऑइल लावून बसवा, सिलिकॉन नको, त्याचे शेव पोर्टमध्ये जातात. नट समोरासमोरचे तीन टप्प्यांत. पुन्हा ३०० ला न्या.

पास झाली की पहिल्या ५०० किलोमीटरला लिटरला ५० मिली टू-टी, त्यानंतर ४०. ऑइल टाकीत थेट ओतू नका, बाटलीत पेट्रोलसोबत हलवून मग ओता. गिअरबॉक्सला १ लिटर २०-डब्ल्यू-४०, ईपी गिअर ऑइल नको, क्लचच्या बुचाच्या प्लेटी घसरतात. सकाळी सातच्या आत पाच किलोमीटर, पूर्ण निवू द्या, हेडचे नट पुन्हा बघा, प्लग काढून रंग बघा. गहू-रंगाचा असला तर ठीक. पांढरा आला तर तिथूनच ढकलत घरी आणा, मेन जेट एक माप मोठा टाका आणि फुगा पुन्हा लावा.